इमारतीचे एकूण वजन किती?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या सोसायटीची सभा गच्चीवर भरली होती. जुनी इमारत पाडून नवी बांधावयाची, या विषयावर गेली चार वर्षे आमच्याकडे जेवढे बोलणे झाले तेवढे एखाद्या राज्यघटनेवरही झाले नसेल. पण त्या संध्याकाळी वाद नव्हता. बिल्डरकडचा एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला होता, दोरीवर पांढरी चादर ताणली होती, आणि तिच्यावर आमच्या भावी इमारतीचा सांगाडा रंगीबेरंगी उजेडात उभा होता. तुळया निळ्या, खांब हिरवे. त्याने कळ दाबताच सारी इमारत संथपणे डोलू लागली. "हा भूकंप," तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. पुन्हा कळ दाबली, डोलणे थांबले, आणि प्रत्येक खांबाशेजारी इंग्रजीत 'पास' असे अक्षर उमटले.

आमचे चेअरमन उठून म्हणाले, "कॉम्प्युटरनंच काढलंय म्हटल्यावर आता शंकेला जागा नाही."

मला शंका होती. चाळीस वर्षे मी हाच धंदा केला. घरांच्या तुळया किती जाड, खांबात सळ्या किती, पाया किती रुंद, हे ठरविण्याचा. म्हणून मी हात वर करून एवढेच विचारले, "या इमारतीचे एकूण वजन किती?"

तो पोरगा हसला. मग त्याने दोनचार कळा दाबल्या, कपाळावरचा घाम पुसला, आणि म्हणाला, "सर, ते सॉफ्टवेअर आपोआप घेतं."

सभेला माझा प्रश्न आवडला नाही. म्हाताऱ्याला खोड काढल्यावाचून राहवत नाही, असा भाव मी तीनचार चेहऱ्यांवर स्वच्छ वाचला. तेव्हा तो प्रश्न मी का विचारला, हे दिवाळीच्या फराळाबरोबर सावकाश सांगावे म्हणतो. कारण आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांना अशाच एखाद्या चादरीसमोर बसावयाचे आहे.

प्रथम घराचे वजन म्हणजे काय ते पाहू. आपली बैठकीची खोली घ्या. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब, म्हणजे बारा चौरस मीटर. घर जड होते ते आपल्या कपाटांनी, पुस्तकांनी आणि पाहुण्यांनी, अशी आपली समजूत असते. पायाखालचा स्लॅब पाच इंची असेल तर त्याच्या एका चौरस मीटरचे वजन तीनशे किलोच्या वर भरते. कारण सळ्या घातलेले काँक्रीट घनमीटरला अडीच हजार किलो असते. म्हणजे या एका खोलीच्या नुसत्या जमिनीचे वजन झाले ३,७५० किलो. वर लादी आणि तिच्याखालचा मसाला, आणखी सुमारे १,२०० किलो. नऊ इंची विटेची भिंत मजल्याइतकी उंच असेल तर तिचे दर मीटर लांबीला चौदाशे किलो धरा. आणि आपण माणसे, खुर्च्या, कपाटे, टीव्ही? या सगळ्यांसाठी आपल्या भारतीय मानकाने चौरस मीटरला दोनशे किलो धरावयास सांगितले आहे. बारा चौरस मीटरला २,४०० किलो. म्हणजे सत्यनारायणाच्या दिवशी त्या खोलीत छत्तीससदतीस माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली तरी हिशेबात बसतात! जिना आणि गॅलरी यांना तीनशे किलो धरतात, कारण तिथे गर्दी दाटते: गणपतीची मिरवणूक खालून जाऊ लागली की सारे घर गॅलरीत येते.

सांगायचे ते हे, की घरात राहणारे आपण घराच्या हिशेबात फार हलके असतो. घराला सर्वांत जास्त ओझे स्वतःचेच.

माझ्या उमेदीत हे हिशेब कागदावर होत. १९३० साली हार्डी क्रॉस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने एक रीत शोधून काढली होती. तिने एका तुळईवरचा ताण शेजारच्या तुळयांना व खांबांना टप्प्याटप्प्याने वाटून देत, आकडे जुळेपर्यंत बेरीज-वजाबाकी करीत बसावे लागे. एका मजल्याला दोनदोन दिवस लागत. हाताशी स्लाइडरूल, म्हणजे सरकपट्टी. त्या पट्टीत तीनच आकडे नीट वाचता येत आणि दशांशचिन्ह कुठे द्यायचे ते आपल्यालाच ठरवावे लागे. या अडचणीचा एक फायदा होता. उत्तर पंधरा टन की दीडशे टन, हे आधी मनाशी ठरविल्याशिवाय पट्टीला हातच लावता येत नसे.

मग संगणक आले. एखादी भिंत किंवा स्लॅब लहान लहान तुकड्यांत कल्पून, प्रत्येक तुकड्याचे समीकरण मांडून, हजारो समीकरणे एकदम सोडवायची, या पद्धतीला कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या रे क्लफ यांनी १९६० साली 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. त्याच विद्यापीठातील एडवर्ड विल्सन यांनी १९७० साली इमारतींसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'सॅप'. इंग्रजी बोलीत सॅप म्हणजे भोळसट, बावळट माणूस. हे नाव त्यांनी मुद्दामच निवडले होते. प्रोग्रॅमला अक्कल नसते, इमारत त्याला कशी सांगितली आणि उत्तराची जबाबदारी कोणाची, हे वापरणाऱ्याच्या ध्यानात राहावे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आज जगभर चालणारे सॅप आणि ईटॅब्स हे त्याच घराण्यातले. आपल्याकडच्या ऑफिसांत स्टॅड आणि ईटॅब्स ही नावे इतकी रुळली आहेत, की नवी मुले एकमेकांना "बिल्डिंग स्टॅडमध्ये टाकली का?" असे विचारतात, डाळ कुकरमध्ये टाकली का, तसे.

पण कुकरमध्ये डाळ आपण डोळ्यांनी पाहून टाकतो. संगणकात इमारत टाकायची म्हणजे ती आधी रेघांची करावी लागते. खांब म्हणजे उभी रेघ, तुळई म्हणजे आडवी रेघ. दोन रेघा जिथे भेटतात तिथे त्या खरोखर जोडल्या आहेत, की पडद्यावर नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत, हे आपण सांगायचे. खांबाचा पाय जमिनीत घट्ट रोवला आहे की बिजागरीसारखा फिरतो, हेही आपणच सांगायचे. मग भार. भार खाली जातो म्हणून त्याला उणे चिन्ह. एखाद्याने चुकून अधिक चिन्ह दिले तर इमारतीचे वजन आकाशाकडे ओढू लागते, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं न करता आकाशाकडे ओढल्या जाणाऱ्या इमारतीच्या सळ्या काढून देते.

माझी भाची याच धंद्यात आहे. पुण्यात एका सल्लागाराच्या ऑफिसात तिला नोकरी लागली त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. खाली पार्किंग आणि वर सात मजले, प्रत्येक मजला तीनशे चौरस मीटर. सोमवारी पायाचे नकाशे साइटवर जावयाचे होते.

"मामा, बघा. सगळे कॉलम पास आहेत, आणि लोखंडही कमी आलंय. सर खूश होतील."

लोखंड कमी आले म्हणताच माझे कान टवकारले. मी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. सात मजल्यांचे सात स्लॅब आणि गच्चीचा एक, मिळून आठ. आठ त्रिके चोवीसशे चौरस मीटर. अशा इमारतीचे स्लॅब, तुळया, खांब, भिंती, लाद्या आणि माणसे मिळून चौरस मीटरला साधारण अकराशे किलो भरतात, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. म्हणजे सुमारे २,६४० टन.

"आता पायाखालच्या सगळ्या खांबांच्या भारांची बेरीज सांग."

तिने बेरीज काढली. १,८९० टन.

"साडेसातशे टन कुठे गेले?"

"कुठे जातील? सेल्फवेट दिलंय की मी!" ती जरा चिडूनच म्हणाली. सेल्फवेट म्हणजे सांगाड्याचे स्वतःचे वजन. एक ओळ लिहिली की संगणक ते आपोआप धरतो.

मी म्हटले, "बरोबर. पण तू काढलंस काय?"

तिने पडद्याकडे पाहिले. खांब होते, तुळया होत्या. स्लॅब नव्हता. पुष्कळ ऑफिसांत स्लॅब काढीत नाहीत; त्याचे वजन चौरस मीटरला इतके, असे आकड्याने तुळयांवर टाकतात. तिने लादीचे वजन टाकले होते, माणसांचे टाकले होते, भिंतींचे टाकले होते. स्लॅब मात्र सेल्फवेटमध्ये आला असेल अशा समजुतीत ती राहिली, आणि संगणकाने जे काढलेले नव्हते त्याचे वजन धरले नाही. चोवीसशे चौरस मीटर पाच इंची स्लॅब. गुणाकार करून पाहा: बरोबर साडेसातशे टन.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतःच पुढचा हिशेब केला. भारासाठी आपण दीडपट सुरक्षितता ठेवतो. १,८९० ची दीडपट २,८३५. इमारत प्रत्यक्षात भरणार २,६४०. म्हणजे दीडपटीतले जवळजवळ सारे काही या एका विसरलेल्या ओळीने खाऊन टाकले होते. इमारत कदाचित पडलीही नसती. सिमेंट चांगले लागले, सळ्या सरळ बसल्या, भूकंप आला नाही, तर ती उभी राहिली असती आणि कोणाला कधी कळलेही नसते. पण ती दीडपट ठेवलेली असते ती वाईट सिमेंटसाठी, आळशी गवंड्यासाठी आणि भूकंपासाठी. आमच्या विसराळूपणासाठी नव्हे.

त्या रात्री तिने जेवण अर्धेच केले आणि दोन वाजेपर्यंत सारा हिशेब पुन्हा मांडला. ऑफिसातल्या वरिष्ठाला सकाळी फोन करून तिने स्वतःच चूक सांगितली. हे मला सर्वांत आवडले.

तिची चूक कागदावर सापडली. नॉर्वेत अशीच एक चूक समुद्रात सापडली.

नॉर्वेच्या समुद्रातून तेल आणि गॅस काढण्यासाठी काँक्रीटचे अवाढव्य तळ बांधतात. स्लाइप्नर-ए हा त्यांपैकी एक. चोवीस काँक्रीटची पिंपे एकमेकांना चिकटून उभी, त्यांतली चार उंच वाढवून त्यांचे खांब केलेले; साऱ्याचा विस्तार सोळा हजार चौरस मीटर. स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत हा तळ पाण्यावर तरंगत होता. वरचा लोखंडी मजला त्याच्यावर बसवायचा तर आधी तळ मुद्दाम खोल बुडवावा लागतो, म्हणून २३ ऑगस्ट १९९१ रोजी त्याच्या पोटात हळूहळू पाणी घेऊन त्याची परीक्षा चालली होती. एकाएकी आतून मोठा गडगडाट ऐकू आला आणि पाणी कोसळण्याचा आवाज येऊ लागला. पंप लावले, पण पाणी आवरेना. माणसे सुखरूप उतरविली गेली. अवघ्या अठरा मिनिटांत तळ दिसेनासा झाला. दोनशेवीस मीटर खोल खाडीच्या बुडाशी जाऊन तो असा फुटला, की भूकंपमापक यंत्रांवर तीन रिश्टरची नोंद झाली. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलर्स. तळाशी राहिला तो नुसता काँक्रीटचा चुरा.

काय चुकले? तीन गोल पिंपे एकमेकांना टेकवून ठेवली की मध्ये तिकोनी पोकळी राहते. स्वयंपाकघरातले तीन डबे जवळ ठेवून पाहा. त्या पोकळीत समुद्राचे पाणी होते आणि ते पिंपांच्या भिंतींना आत ढकलीत होते. या भिंतींवर किती जोर येतो हे संगणकाने काढले होते, आणि संगणकाचे गणित चुकलेले नव्हते. चुकली होती ती त्याला दिलेली आकृती.

आपल्या घरच्या मुली दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके दूरदूर असतील तर सरळ रेघा ठीक येतात, पण कमळाची पाकळी काढायची तर तिथे ठिपके दाट हवेत. नाहीतर पाकळी वेडीवाकडी होते. भिंतीचे कल्पनेने तुकडे पाडण्याची ती 'फायनाइट एलिमेंट'ची पद्धत अशीच असते. तिकोनी पोकळीच्या कोपऱ्यांत तुकडे थोडे, मोठे आणि तिरपे पडले होते. त्यामुळे भिंतीला तिच्या टोकाशी कातरू पाहणारा जोर खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आला. भिंती तेवढ्या पातळ झाल्या. त्यात आणखी एक भर पडली. कोपऱ्यात जी डोके असलेली आडवी सळी घातली होती ती आखूड होती. काँक्रीटच्या ज्या भागात तिचे टोक घट्ट धरले जायला हवे होते तिथवर ती पोचलीच नव्हती. अपघातानंतर तोच हिशेब दाट तुकडे पाडून पुन्हा केला, तेव्हा उत्तर आले की भिंत ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल. प्रत्यक्षात ती फुटली होती ६५ मीटरला!

मला चुटपूट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. दोन्ही टोकांना सारखीच धरलेली भिंत, तिच्यावर सगळीकडे सारखाच पाण्याचा दाब. मग प्रत्येक टोकावर येणारा जोर किती? एकूण दाबाचा अर्धा. याला संगणक कशाला हवा? फळीचे दोन्ही बाजूंचे दोन हमाल निम्मे निम्मे ओझे वाहतात, एवढेच हे गणित आहे. उत्तर जवळजवळ निम्म्याने कमी आले आहे, हे पेन्सिल हातात धरणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आले असते.

आणि आता या कथेतली मौज ऐका. गॅस देण्याचे करार झालेले होते, वाट पाहायला सवड नव्हती. दुसरा तळ तातडीने बांधावयाचा होता आणि जुन्या संगणकी हिशेबांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा त्या इंजिनिअरांनी सरकपट्टीच्या जमान्यातल्या हातगणिताने नव्या तळाची मांडणी केली. संगणकाची सविस्तर उत्तरे हातात आली तोवर सारी मांडणी संपली होती आणि तळाचा बराच भाग बांधूनही झाला होता. १९९३ च्या एप्रिलमध्ये त्या नव्या तळावर लोखंडी मजला सुखरूप चढला.

अमेरिकेत हार्टफर्ड येथे १९७८ साली एका क्रीडागृहाचे अवाढव्य छप्पर हिमाच्या भाराखाली पहाटे कोसळले. काही तासांपूर्वीच खाली हजारो प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहून गेले होते. त्या छपराचाही हिशेब संगणकाचाच. ते बांधत असताना अंदाजाच्या दुप्पट वाकलेले मोजले गेले होते, पण असे व्हायचेच म्हणून ती मोजणी बाजूला ठेवली गेली. डोळ्यांना दिसले ते खोटे आणि कागदावर छापले ते खरे! असो.

आता सळ्यांकडे वळू, कारण नॉर्वेतल्या त्या आखूड सळीसारख्या गोष्टी आपल्या गल्लीतही घडतात. काँक्रीट हे खडूसारखे असते. खडू दोन्ही टोकांनी दाबा, तो दाद देणार नाही. वाकवा, कट्कन मोडेल. वाकवताना ज्या बाजूला ताण बसतो ती बाजू काँक्रीटला सोसत नाही. तिथे लोखंडी सळी हवी. दोन विटांवर फळी ठेवून मध्ये उभे राहा: फळीची खालची बाजू ताणली जाते. म्हणून खोलीच्या स्लॅबच्या मध्यावर सळ्या खाली असतात. पण गॅलरी भिंतीतून नुसती बाहेर आलेली असते, तिला पुढे आधार नसतो. ती खाली झुकू पाहते तेव्हा तिची वरची बाजू ताणली जाते. म्हणून गॅलरीच्या सळ्या वर.

संगणक हे बिनचूक सांगतो. पण तो सळ्या सांगत नाही, क्षेत्रफळ सांगतो. अमुक तुळईला चौदाशे चौरस मिलिमीटर लोखंड, असे तो छापतो. सोळा मिलिमीटरची सळी दोनशे एक चौरस मिलिमीटरची, म्हणजे सात सळ्या झाल्या. आता नऊ इंच रुंदीच्या तुळईत दोन्हीकडचे आवरण आणि रिंगा वजा जाता सात सळ्या शेजारीशेजारी मांडून पाहा. दोन सळ्यांत नऊ मिलिमीटरचीही फट उरत नाही, आणि काँक्रीटमधली खडी वीस मिलिमीटरची! ती वरच अडकते. खाली मधाच्या पोळ्यासारखी भोके राहतात आणि सेंटरिंगच्या फळ्या काढल्यावर गवंडी वरून सिमेंटचा हात फिरवून ती झाकतो. बरे, सळ्या दोन थरांत ठेवल्या तर त्यांचा मध्य वर सरकतो आणि संगणकाने धरलेली उंची कमी पडते. अशा वेळी जाड सळ्या कमी घ्याव्यात, नाहीतर तुळईच मोठी करावी. हा निर्णय पडद्यावर नसतो. हातात टेप घेऊन साइटवर उभे राहणाऱ्याच्या डोक्यात तो असावा लागतो.

आणि गॅलरीची गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअर एकदा तरी जगलेला असतो. फिटरने सळ्या नकाशाप्रमाणे वर बांधलेल्या असतात. सकाळी काँक्रीट घालायला माणसे येतात, घमेली घेऊन त्या सळ्यांवरूनच ये-जा करतात. पायाखाली सळ्या दबतात. पाच इंची गॅलरीत सळ्या दोन इंच खाली गेल्या की तिची ताकद निम्म्यावर येते. काँक्रीट पडले की झाकले गेले. मग कोण पाहतो? म्हणून सळ्यांखाली लोखंडी 'खुर्च्या' ठेवायच्या आणि माणसांना चालायला फळ्या टाकायच्या. फळ्यांचे भाडे वाचविणारा ठेकेदार मी पाहिला आहे. पडद्यावर ती गॅलरी हिरवीच दिसत होती.

आणखी एक गोष्ट या आकृतीच्या नादात निसटते, आणि ती आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक नव्या इमारतीला लागू आहे. खाली मोटारींसाठी मोकळे खांब, वर विटांच्या भिंती. २६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला, तेव्हा तिथून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती खालच्या मोकळ्या मजल्यावरच बसल्या. वरचे मजले भिंतींमुळे पेटीसारखे घट्ट, आणि सारे हलणे खालच्या उघड्या खांबांच्या वाट्याला आलेले. हिशेबात मात्र भिंतींचे नुसते वजन धरायची रीत होती. भिंत ही खांबांना जखडूनही ठेवते, हे आकृतीत नसायचे. म्हणून सगळे मजले कागदावर सारखेच लवचीक दिसत. २००२ साली सुधारून निघालेल्या भूकंप-संहितेत अशा मोकळ्या मजल्याच्या खांबांसाठी व तुळयांसाठी भूकंपाचा जोर अडीचपट धरण्याचा मार्ग सांगितला गेला. त्यासाठी आधी अहमदाबादेतली माणसे दगावावी लागली.

संगणक नको असे मी म्हणत नाही. आमच्या काळी जो हिशेब आठवडाभर चाले तो तो क्षणात करतो. वाऱ्याच्या आणि भूकंपाच्या चारी दिशा, रिकामी इमारत, भरलेली इमारत, अशा पन्नास परिस्थिती तपासतो. हाताने आम्ही पाचसहाच तपासत होतो, आणि उरलेल्या देवावर सोडत होतो, हे कबूल करायला हरकत नाही. मी फक्त त्याला विचारण्यापूर्वी स्वतःचे उत्तर कागदावर लिहून ठेवतो. दोन उत्तरे जुळली तर चहा पितो. नाही जुळली तर चहा घेऊन पुन्हा बसतो.

आता गच्चीवरच्या त्या सभेकडे येतो. सभा संपली, ठराव मंजूर झाला, चादरीची घडी झाली. मी मनातून जरा ओशाळलो होतो. चार माणसांत त्या पोराला अडचणीत आणायला नको होते. आठ दिवसांनी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. तोच उभा होता. हातात लॅपटॉप नव्हता, वहीचे दोन कागद होते.

"सर, वजन काढलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "हातानं. स्लॅब, भिंती, टाकी, सगळं. आणि खालच्या रिअ‍ॅक्शनची बेरीजही काढली. तीन टक्के फरक येतोय. चालेल?"

"फरक कुठून येतो ते सापडलं का?"

तो हसला. "सापडलं. लिफ्टच्या भिंती मी हातानं धरायला विसरलो होतो. सॉफ्टवेअरनं धरल्या होत्या."

मी त्याला आत बोलावले आणि हिला चहा टाकायला सांगितले. मग आम्ही दोघे गॅलरीच्या सळ्यांचा नकाशा उलगडून बसलो.